जुळ्या पोरांसाठी घेतलेली हात न लावता दूध पाजायची साधनं: आठ-नऊ महिने वापरल्यावर

आधीच सांगून टाकतो, उशीवाला प्रकार घेऊ नका. ज्यांना वेळ नाही त्यांनी एवढंच वाचून गेलं तरी चालतंय. वेळ आहे (म्हणजे एकच बाळ आहे, किंवा दोन्ही एकदम झोपलीत) त्यांच्यासाठी सविस्तर लिहितोय.

आमच्यात जुळी झाली. थोरला मुलगा, धाकटी मुलगी. दोघं दिवस भरायच्या आधीच आली, वजन कमी, बायकोचं दूध दोघांना पुरेना म्हणून डॉक्टरांनीच वरचं दूध लिहून दिलं. अंगावरचं पण चालू होतंच, हे मुद्दाम लिहितोय कारण पुढं येणाऱ्या सगळ्या पाहुण्यांना हे वेगळं सांगावं लागलं. घर बेळगावात वडगावला, माझी ड्युटी उद्यमबागला मशीन शॉपमध्ये, शिफ्ट बदलत राहते. सासूबाई खानापूरकडच्या, महिनाभर राहिल्या आणि शेतात रोप लावणी आली तशा गेल्या, त्यांना तरी काय म्हणणार. माझ्या आईला मांडी घालून बसता येत नाही. आता हिशोब करा, दर दोन-तीन तासांनी एकाला पाजायचं, ढेकर काढायचा, खांद्यावर ठेवून फिरवायचं, तोवर दुसरं किंचाळतंय, त्याचं होईतो पहिल्याची वेळ परत आली. मधे बाटल्या उकळायच्या. नळाला पाणी यायचा दिवस असेल तर तेही भरायचं. रात्रपाळी करून सकाळी घरी यायचो तर बायको भिंतीला टेकून दोन मांडीवर दोन पोरं घेऊन डोळे मिटून बसलेली असायची. तिला विचारलं झोपलीस काय, तर म्हणायची नाही की, नुसते डोळे मिटलेत.

म्हणून ऑनलाइन बघून मागवलं. एक नाही, हळूहळू करत तीन प्रकार झाले.

पहिली ती उशी. गोल फोमची, मधे बाटली अडकवायला वेल्क्रोचा पट्टा, बाळाच्या छातीवर ठेवायची म्हणजे बाटली आपोआप तोंडाशी येते. तीनशे-साडेतीनशेला. खोक्यावर चित्र काय तर बाळ एकटंच पडून दूध पितंय आणि मागं आई लॅपटॉपवर काम करत हसतीय. गंमत बघा, पावडरीच्या डब्यावर बाळाचं किंवा बाईचं चित्र छापायला आपल्याकडं १९९२ च्या कायद्यानं बंदी आहे, दूध पाजायच्या बाटलीची जाहिरातसुद्धा करता येत नाही. आणि ह्या उशीच्या खोक्यावर गुबगुबीत बाळ, आणि ठसका लागू शकतो असं एका ओळीत पण कुठं लिहिलेलं नाही.

वापरताना काय होतं ते सांगतो. बाटली भरलेली असते तेव्हा तिचा कोन बरोबर असतो. दूध कमी झालं की निप्पलमधे अर्धी हवा येते, आपण हातात धरली असती तर आपसूक वर केली असती, उशी काय करणार, बाळ हवा ओढत बसतं आणि नंतर तासभर पोट आवळून रडतं. हे झालं साधं. दुसरं जास्त वाईट. एकदा धाकटीला उशीवर लावलेलं आणि मी हातभर अंतरावर बसून थोरल्याचा ढेकर काढत होतो, नजर तिच्याकडंच होती. ती गटागट पीत होती, मग चोखायची थांबली, तरी तोंडात दूध येतच होतं, गालातून ओघळून कानामागं गेलं, मान वळवायला बघत होती पण बाटली तिथंच. मग नाकातून दूध आलं. आवाज काही नाही. रडणं नाही, खोकला नाही, नुसते डोळे मोठे झाले. उचलून आडवी केली, पाठीवर थोपटलं, तेव्हा खोकली. मी तिकडंच बघत होतो म्हणून दिसलं, आतल्या खोलीत असतो तर ऐकू काहीच आलं नसतं. त्याच दिवशी उशी गेली.

नंतर वाचलं तर इंग्लंडच्या सरकारी सुरक्षा खात्यानं डिसेंबर २०२२ मधेच सांगितलेलं की असल्या उशा वापरणं ताबडतोब बंद करा आणि टाकून द्या. आपल्याकडं मात्र आरामात मिळतात.

दुसरा प्रकार नळीवाली बाटली. बाटली बाजूला ठेवायची, लांब नळी, तिच्या टोकाला निप्पल. दिसायला सलाईनसारखं. आधी नळीतली हवा पोरानं ओढायची, मग दूध येणार, कमी वजनाचं बाळ तेवढ्यातच दमून झोपतं. आणि धुणं! नळीला वेगळा बारीक ब्रश येतो, तो मधेपर्यंत जातो आणि अडकतो, दुधाचा पातळ थर आत राहतोच. दोन दिवसांत आंबूस वास. ह्याच्यावर जास्त लिहीत नाही, पैसे पाण्यात.

तिसरा, वाकवता येणारा क्लिप स्टँड. एक टोक पाळण्याच्या दांडीला नाहीतर खुर्चीला, दुसऱ्या टोकाला बाटलीचा चिमटा. हा आम्ही बरेच महिने वापरला, म्हणून ह्याचं नीट सांगतो. पकड चांगली, पण भरलेल्या बाटलीच्या वजनानं मान हळूहळू खाली येते. बाळानं तोंड फिरवलं की निप्पल सुटतं, म्हणजे उशीपेक्षा बरं, त्याला नको असेल तर सुटका आहे. पण सुटलेलं निप्पल गालावर टपकत राहतं, दूध मानेच्या वळीत जाऊन तिथं लाल होतं, उन्हाळ्यात तर चट्टेच उठले. मानेखाली फडकं ठेवा.

आमची पद्धत अशी बसली: एक बाळ मांडीवर, त्याची बाटली हातात. दुसरं मांडीला टेकून, डोकं उंच, पूर्ण आडवं कधीच नाही, त्याला क्लिप. माझा एक हात त्याच्या बाटलीपर्यंत पोचतो एवढ्यातच. बाटली जवळजवळ आडवी ठेवायची, निप्पलमधे दूध राहील एवढीच तिरकी, मधेमधे काढून श्वास घेऊ द्यायचा. पुढच्या पाळीला अदलाबदल, म्हणजे एकाच्याच वाट्याला रोज स्टँड नको. आता तुम्ही म्हणाल मग ह्यात हात मोकळे कुठं झाले? नाहीच झाले. उठून भांडी घासता येत नाहीत, गॅसकडं जाता येत नाही. दोन हातांत दोन पोरं निभतात, एवढाच ह्याचा उपयोग. ज्यांचं एकच बाळ आहे त्यांना हा स्टँड कशाला लागतो मला खरंच कळत नाही, आणि हे लिहिताना मला माहितीय की एखादीच्या मनगटाची बाळंतपणानंतर वाट लागलेली असेल, अंगठ्याकडची शीर धरली की बाटली पण उचलवत नाही, आमच्या शेजारच्या गल्लीत एक आहे तशी. तिला लागेल. समोर बसून.

आता लोकांचं. रिव्ह्यू साधनाचा आहे पण हे पण त्याच्याबरोबरच घरी येतं, फुकट.

बारशाला सगळी जमलेली. स्टँड हॉलमधेच होता, लपवायचा कशाला. कोल्हापूरच्या एक आत्याबाई बघून म्हणाल्या, "तुमच्यात माणसं नाहीत काय ओ घरात? पोरास्नी मशीन लावलंय." मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. आईच्या हाताची माया लागते पोराला. आमच्या वेळी पाच-पाच वाढवली, असलं काही नव्हतं. हल्लीच्या पोरींना फोन धरायला हात आहेत. हे सगळं बायकोला हां. मला कुणी काही बोललं नाही. उलट त्याच दुपारी मी तोच स्टँड लावून दोघांना पाजत बसलो तर त्याच आत्याबाई म्हणाल्या, "बघा, बाप असून किती हौसेनं करतोय." तेच स्टँड, तीच पोरं, तेच दूध. बायको आतून माझ्याकडं बघत होती, ते तोंड मी विसरणार नाही. मी तिथंच म्हटलं की आत्या, हे मागवलंय मीच, पैसे पण माझ्याच खात्यातून गेलेत, तर हसण्यावारी नेलं.

पाच-पाच वाढवली म्हणणाऱ्यांच्या घरी जावा होत्या, नणंदा होत्या, आजी पाय पसरून पायावर बाळ आडवं घालून बोंडल्यानं दूध घालायची. चांदीचं बोंडलं आमच्यात पण आहे, बारशाला आलेलं. त्यानं घाईघाईत ओतलं तरी ठसका लागतोच की. पण ते बोंडलं म्हणून चालतं, त्याला कुणी मशीन म्हणत नाही.

मला राग कशाचा आला सांगतो. धोका आहे हे खरंय, मी डोळ्यानं बघितलाय. पण जेवढे बोलले त्यातल्या एकानं पण "अगं, ठसका लागेल, बाजूला बसत जा" असं म्हटलं नाही. सगळी माया, माया. माया कमी पडली म्हणून दूध नाकात जात नाही, कोन चुकला आणि बाळाला बाटली ढकलता आली नाही म्हणून जातं. आडवं पाडून पाजलं तर दूध घशातून कानाकडं जाणाऱ्या नळीत शिरतं, बाळांची ती नळी आखूड आणि आडवी असते, त्यानं कान फुटायचं भय. हे एवढं समजावून सांगितलं कुणी तर आमच्या भागातल्या आशा ताईंनी. ताई कार्ड बघायला, वजन करायला आलेल्या, स्टँड बघितला, कपाळाला आठी नाही की काही नाही, म्हणाल्या वाटी-चमच्यानं पाजलं तर सगळ्यात बरं. मी म्हटलं दोघांना वाटी-चमच्यानं पाजायला दिवस पुरत नाही. बरं म्हणाल्या, मग बाटली तर बाटली, पण बसा बघू असे, आणि मांडी घालून स्वतः धाकटीला घेऊन दाखवलं डोकं किती उंच, बाटली किती तिरकी. वर मी लिहिलेली पद्धत मुळात त्यांची.

आणि एक शेजारच्या अक्का. कन्नड घर, आमचं कन्नड मोडकं, त्यांचं मराठी त्याहून मोडकं. रोज संध्याकाळी दारात उभ्या, "कूसु कोड्री इल्लि", द्या इकडं बाळ, एवढंच. एक उचलायच्या, पाजायच्या, ढेकर काढून परत द्यायच्या. स्टँडबद्दल आजतागायत एक शब्द नाही. त्या गावाला गेल्या की आमचा स्टँड निघायचा, आल्या की कोपऱ्यात. कुणाला बाळ-बाळंतिणीच्या घरी जायचं असेल तर कुंद्याचा बॉक्स ऱ्हाऊ दे, अर्धा तास एक पोर धरा आणि मग काय बोलायचं ते बोला, ऐकतो आम्ही.

आता पोरं मोठी झालीत, बसतात, बाटली दोन्ही हातांनी ओढून घेतात. तर चौथी वस्तू घेतली आणि हीच सगळ्यात कामाची निघाली: बाटलीवर चढवायची सिलिकॉनची पट्टी, दोन्ही बाजूंना कड्या. बाळ स्वतः धरतं, नको झालं की फेकून देतं. बायको म्हणते हे आधी का नाही बघितलं, पण आधी त्यांना धरता आलंच नसतं. बसवून द्यायचं, झोपवून नाही, आणि रात्री बाटली तोंडात ठेवून झोपायची सवय लावू नका, पुढं दात किडतात. वर्षभरानं बाटलीच सोडवायची असं डॉक्टरांनी सांगितलंय, कपाची सवय आत्तापासून लावतोय, थोरला कप उलटा करून मजा बघतो.

उशीला शून्य, नळीला शून्य. क्लिपला जुळ्यांसाठी पाचातले तीन, एकट्या बाळासाठी एक. कड्यांच्या पट्टीला पाच, पण घेताना तुमच्या बाटलीची जाडी बघून घ्या, रुंद तोंडाच्या बाटलीची पट्टी अरुंद बाटलीवर ढिली बसते आणि स्टीलच्या बाटलीवरून तर घसरतेच. आम्हाला पहिली परत करावी लागली.