जहाज, बँक, दुकान की जमीन? कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या आर्थिक स्वावलंबनाचे चार नमुने

ब्लॅक पँथर हे नाव आपल्याकडे १९७२ च्या दलित पँथरमुळे घरोघरी पोहोचलं. पण ते नाव जिथून आलं, त्या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय समाजाने दीडशे वर्षं पैसा, शाळा आणि जमीन एकत्र धरून ठेवण्याचे जे प्रयोग केले, त्यांचे हिशेब मराठीत फारसे कुणी उलगडत नाही. हा आढावा त्या हिशेबांचा आहे. वीस-पंचवीस कुटुंबं, थोडी वर्गणी आणि ‘आपणही काहीतरी उभारू’ इथवर आलेली चर्चा, अशा टप्प्यावरच्या गटाने यातला कोणता नमुना धरावा, एवढाच प्रश्न इथे घेतला आहे.

आमचं मत आधीच सांगतो. अभ्यासवर्गाला जोडलेली सामाईक खरेदी पहिली, बचत दुसरी. जमीन घ्यायची तर कर्ज कुणाचं आहे ते बघून. आणि लोकांना शेअर विकून मोठा धंदा काढायचा असेल, तर तो धंदा आयुष्यभर केलेली माणसं आधी आत घ्या, नाहीतर त्या वाटेला जाऊ नका.

शेअर विकून मोठा धंदा

मार्कस गार्वी यांनी १९१४ मध्ये जमैकात युनिव्हर्सल नीग्रो इम्प्रूव्हमेंट असोसिएशन स्थापन केली आणि पुढे न्यू यॉर्कच्या हार्लेममधून ती चालवली. २३ जून १९१९ रोजी या चळवळीने डेलावेअर राज्यात ब्लॅक स्टार लाइन ही जहाज कंपनी नोंदवली. शेअर ५ डॉलरचा, एका माणसाला जास्तीत जास्त २००. ही रचना हुशारीची होती. धुणी धुणाऱ्या बाया आणि रेल्वेतले हमाल यांनाही एक शेअर परवडायचा, आणि कुणी एकटा कंपनी खिशात घालू शकत नव्हता. विक्रीला वेगळी माणसं लागली नाहीत. संघटनेच्या शाखा आणि तिचं साप्ताहिक ‘नीग्रो वर्ल्ड’ हीच विक्रीयंत्रणा होती.

म्हणजे पैसा उभा करणं जमलं. अडलं ते जहाज ओळखणाऱ्या माणसावर. पहिलं जहाज ‘यार्मथ’ १८८७ साली बांधलेलं, म्हणजे खरेदीच्या वेळी तिशी उलटलेलं, आणि त्याला १ लाख ६५ हजार डॉलर मोजले गेले. ही रक्कम त्याच्या खऱ्या किमतीच्या कितीतरी वर होती. नंतर हडसन नदीवर सहली नेणारी एक बोट आणि एक जुनी यॉट घेतली. तिन्हींचं भाडं दुरुस्तीतच जायचं. जहाज बंदरात उभं असलं तरी खलाशांचा पगार, कोळसा आणि बंदराचं भाडं थांबत नाही, हा या धंद्याचा पहिला नियम. पण हीच जहाजं चळवळीचा झेंडाही होती. ‘यार्मथ’वर जमैकाहून नारळ भरलेले असताना शेअर खपवण्यासाठी त्याला वाटेत बंदरोबंदरी स्वागतसमारंभाला थांबवलं गेलं, आणि माल कुजला. एकाच वस्तूकडून धंदा आणि प्रचार दोन्ही करून घ्यायचे म्हटलं की वेळापत्रक प्रचाराच्या बाजूने मोडतं. हे आजही अनेक संस्थांच्या सभागृहांत आणि छापखान्यांत घडतं.

१९२२ मध्ये जहाजं थांबली. कंपनीच्या मालकीचं नसलेलं जहाज पत्रकात दाखवल्यावरून टपालाद्वारे फसवणुकीचा खटला झाला. १९२३ मध्ये चौघा आरोपींपैकी एकट्या गार्वींना शिक्षा झाली, १९२७ मध्ये त्यांना देशाबाहेर काढलं गेलं. संघटनेत सरकारी हेर पेरले होते, हेही खरं, आणि जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष बायडन यांनी त्यांना मरणोत्तर माफी दिली. तरीही खटला पूर्ण बाजूला ठेवून फक्त वह्या पाहिल्या, तर ही कंपनी तरली नसती असंच दिसतं. हजारो भागधारक विखुरलेले, जमाखर्च तपासायचा हक्क कागदावरच, आणि टीका म्हणजे चळवळीशी द्रोह. सरकारला हात घालायला जागा तिथेच मिळाली.

बचत आणि बँक

दोन बँका शेजारी ठेवा. फ्रीडमन्स सेव्हिंग्ज बँकेची सनद मार्च १८६५ ची, नुकत्याच मुक्त झालेल्या गुलामांसाठी अमेरिकी संसदेने (काँग्रेसने) मंजूर केलेली. मूळ नियम असा की ठेवी सरकारी रोख्यांत गुंतवायच्या, कर्ज द्यायचं नाही. १८७० मध्ये तो नियम बदलून स्थावर मालमत्तेवर कर्ज द्यायला मुभा दिली गेली. मग वॉशिंग्टनच्या मुख्य कचेरीतून ओळखीच्या गोऱ्या धंदेवाल्यांना कर्जं सुटली, १८७३ ची मंदी आली, आणि जून १८७४ मध्ये बँक बंद पडली. गुलामगिरीविरोधी चळवळीचे कृष्णवर्णीय नेते फ्रेडरिक डग्लस यांना अखेरच्या तीन-चार महिन्यांसाठी अध्यक्षपदी बसवलं होतं. त्यांनी स्वतःचे १० हजार डॉलर घातले, पण भोक त्याच्यापलीकडचं होतं. ६१ हजारांवर ठेवीदारांचे जवळजवळ ३० लाख डॉलर अडकले. बँकेला सरकारची हमी आहे असा लोकांचा समज होता. तशी हमी कुठेही लिहिलेली नव्हती.

दुसरी व्हर्जिनियातल्या रिचमंडची सेंट ल्यूक पेनी सेव्हिंग्ज बँक. तिच्यामागे १८६७ ची एक परस्पर-मदत संस्था होती. सभासद थोडी थोडी वर्गणी भरत, आजारपण आणि अंत्यविधीचा खर्च त्यातून निघे. १८९९ मध्ये मॅगी वॉकर यांनी सूत्रं घेतली तेव्हा तिजोरीत ३१ डॉलर ६१ सेंट होते. त्यांनी क्रम ठरवला: आधी सभासद वाढवणं, १९०२ मध्ये वृत्तपत्र, १९०३ मध्ये बँक. बँकेचं दार उघडलं त्या दिवशी ९ हजार डॉलरहून अधिक जमा झाले, कारण गावोगावच्या शाखा आधीपासून वर्गणी गोळा करत होत्या. कर्ज दिलं ते मुख्यतः ओळखीच्या सभासदांना, घरासाठी. १९२० पर्यंत सहाशेहून अधिक घरं अशी झाली. महामंदीत ही बँक शहरातल्या इतर कृष्णवर्णीय बँकांत विलीन होऊन टिकली.

वॉकर यांचंही सगळं चाललं नाही. १९०५ मध्ये काढलेलं मोठं दुकान १९११ मध्ये बंद करावं लागलं. गोऱ्या दुकानदारांनी घाऊक व्यापाऱ्यांवर दबाव आणून माल अडवला. बँकेची अशी कोंडी करता आली नसती, कारण बँकेचा माल म्हणजे सभासदांचाच पैसा. दुकानाला मात्र बाहेरून माल लागतो.

आज अमेरिकेत या मार्गाचं सोपं रूप म्हणजे क्रेडिट युनियन. ती सभासदांच्या मालकीची, माणशी एक मत, आणि २ लाख ५० हजार डॉलरपर्यंतच्या ठेवीला सरकारी विमा. १८७४ च्या ठेवीदारांना हाच आधार नव्हता. कॅरिबियन वस्त्यांत भिशीसारखी चालणारी ‘सुसू’ही आहे, ती लवकर सुरू होते, पण कुणी पैसे घेऊन गेला तर दाद मागायला कागद नसतो.

दुकान आणि रात्रशाळा

आम्हाला सर्वांत शिकण्यासारखं वाटतं ते इंडियाना राज्यातलं गॅरी. पोलादाच्या कारखान्यांचं गाव, १९३२, मंदीचा कडेलोट, काम नाही. शाळेतले शिक्षक जेकब रेडिक्स यांच्याभोवती वीसेक कुटुंबं जमली आणि २४ डॉलर भांडवलावर खरेदी गट सुरू झाला. त्यांनी लगेच दुकान थाटलं नाही. आठवड्याला एक बैठक, अशी तब्बल १८ महिने. १९३३ पासून हायस्कुलात रात्री सहकाराच्या अर्थशास्त्राचा वर्ग. त्यानंतर किराणा दुकान आणि क्रेडिट युनियन. १९३६ मध्ये वर्षाची विक्री १ लाख ६० हजार डॉलरवर गेली. याच काळात, १९३० मध्ये स्थापन झालेल्या यंग नीग्रोज को-ऑपरेटिव्ह लीगमधून कार्यकर्त्या एला बेकर हाच आग्रह धरत होत्या: आधी अभ्यास, मग गल्ला.

हा नमुना उचलायचा तर कामाचा क्रम असा ठेवा. पहिल्या दोन महिन्यांत प्रत्येक कुटुंबाने घरात येणाऱ्या मालाची आणि किमतीची वही ठेवायची. तिच्यातून न नासणाऱ्या पाच-सहाच वस्तू निवडायच्या: पीठ, तांदूळ, तेल, साखर, साबण. पैसे आगाऊ गोळा करायचे, आठवड्याच्या एकाच दिवशी माल आणून वाटायचा. वाटप आणि हिशेब एकाच माणसाकडे नको, आणि हिशेब दर बैठकीत मोठ्याने वाचायचा. दुकान झाल्यावर माल बाजारभावानेच विकायचा. वर्षअखेरीला उरलेल्या नफ्यातून राखीव निधी आणि शिक्षणाचा वाटा बाजूला काढायचा आणि बाकी सभासदांना त्यांच्या खरेदीच्या प्रमाणात परत द्यायचा. मत मात्र शेअरवर नाही, माणशी एक. सुरुवातीपासून स्वस्त विकलं की राखीव निधी कधीच तयार होत नाही, आणि पहिल्या नुकसानीला गट कोलमडतो.

हा मार्ग बुडवणाऱ्या गोष्टी ठरलेल्या आहेत. उधारी ही पहिली. ओळखीच्या माणसाला नाही म्हणता येत नाही आणि खेळतं भांडवल तिथेच गोठतं. भाजी, मांस, दूध लवकर ठेवायला घेणं ही दुसरी. व्यवस्थापकाला जेमतेम पगार देऊन भावनेवर राबवणं ही तिसरी, आणि ती बहुधा चांगल्या माणसांना आधी घालवते.

शिक्षण दुकानाला कसं जोडायचं याचा नमुना साउथ कॅरोलिनाच्या जॉन्स बेटावर आहे. तिथल्या प्रोग्रेसिव्ह क्लबने घेतलेल्या इमारतीत पुढे सहकारी किराणा दुकान होतं आणि मागच्या खोलीत, कुणाच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून, जानेवारी १९५७ पासून प्रौढांचा वर्ग. इसॉ जेन्किन्स आणि सेप्टिमा क्लार्क यांनी शिकवायला मुद्दाम व्यावसायिक शिक्षक घेतला नाही. केशभूषेचा व्यवसाय करणाऱ्या बर्निस रॉबिन्सन यांना बसवलं. धडे पुस्तकातले नव्हते. स्वतःची सही, मनीऑर्डरचा फॉर्म, टपालाने माल मागवायचा कागद, आणि मतदार नोंदणीसाठी वाचून दाखवावा लागणारा राज्यघटनेचा भाग. लोकांना जे वाचायची गरज होती तेच फळ्यावर आलं, म्हणून लोक टिकले. १९६१ पासून हे वर्ग मार्टिन ल्यूथर किंग यांच्या संघटनेमार्फत अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत पसरले.

शाळेची इमारतच हवी असेल तर उद्योगपती ज्युलियस रोझेनवाल्ड यांच्या नावाच्या शाळांचा जुळवणी निधी पाहावा: दात्याच्या देणगीला गावानेही आपला पैसा जोडायचा. १९३२ पर्यंत दक्षिणेत सुमारे ५ हजार शाळा झाल्या. त्यात देणगीदाराच्या निधीचे ४३ लाख डॉलर होते, तर गरीब कृष्णवर्णीय गावकऱ्यांनी उभे केलेले ४७ लाख. दाता मोठा दिसतो. खिसा गावाचा जास्त रिकामा झाला. ब्लॅक पँथर पक्षाचा १९६९ चा मुलांच्या मोफत न्याहारीचा उपक्रम वस्तीशी नातं जोडण्यासाठी उत्तम, पण तो देणग्यांवर चालायचा, त्यातून भांडवल होत नाही. त्याला आर्थिक मार्ग समजू नये.

सामाईक जमीन

इथे आकर्षण सर्वांत मोठं आणि फटकाही. मिसिसिपीत नागरी हक्क कार्यकर्त्या फॅनी लू हॅमर यांनी १९६९ मध्ये ४० एकरांवर फ्रीडम फार्म सुरू केलं, पुढे ते सहाशे एकरांवर गेलं. त्यातली ‘डुकरांची बँक’ अगदी हाती धरण्यासारखी: कुटुंबाने मादी न्यायची आणि विणीतली काही पिल्लं परत करायची. ते चाललं. जमीन मात्र गेली. वर्गणी महिना १ डॉलर ठेवली होती आणि तीही मोजक्याच कुटुंबांना परवडत होती. बाकी भार बाहेरच्या देणग्यांवर. देणग्या आटल्या, दुष्काळ आणि पूर आला, हॅमर आजारी पडल्या, हप्ते थकले.

जॉर्जियातली न्यू कम्युनिटीज त्याहून मोठी: १९६९ मध्ये सुमारे ५,७०० एकर, ट्रस्टच्या नावावर, शेती सामाईक, घरासाठी दीर्घ भाडेपट्टा. रचना इतकी चांगली की आजच्या सामुदायिक जमीन ट्रस्टचा तो आद्य नमुना मानतात. पण जमीन पहिल्या दिवसापासून कर्जात होती, आणि शेतकऱ्याला अडीनडीला कर्ज देणारी सरकारी कचेरी स्थानिक गोऱ्यांच्या हातात. दुष्काळात आपत्कालीन कर्ज वेळेवर मिळालं नाही, १९८५ मध्ये लिलाव झाला. भेदभावाच्या दाव्यात २००९ मध्ये १ कोटी २० लाख डॉलर मिळाले आणि त्यातून १,६०० एकरांवर जमीन पुन्हा घेतली. न्याय मिळाला, पण मध्ये चोवीस वर्षं गेली. जमिनीचा ट्रस्ट करणाऱ्याने म्हणूनच निदान दोन हंगामांचा हप्ता आधी बाजूला ठेवावा, आणि हप्ता सुरू असताना फक्त कापूस-सोयाबीनसारख्या बाजारपेठी पिकांवर विसंबू नये.

कुणी कोणता मार्ग घ्यावा

नियमित पगार असलेली शहरी वस्ती असेल, तर खरेदी गट आणि वर्षभरात क्रेडिट युनियनला जोडून घेणं. पगार नाही पण वेळ आहे, तर वर्ग आधी. भोवतालचे व्यापारी विरोधात असतील, तर दुकानाआधी माल कुठून येणार याचे दोन रस्ते पक्के करा. त्यासाठी १९६७ पासून काम करणाऱ्या फेडरेशन ऑफ सदर्न को-ऑपरेटिव्हजसारखा महासंघ असतो, एकट्या गावाला घाऊक व्यापारी सहज वाकवतो.

आणि सभासदांकडे वडिलोपार्जित जमीन असेल, तर नवीन काही घेण्याआधी तिचे कागद. अमेरिकेच्या दक्षिणेत मृत्युपत्राविना वारसांच्या सामाईक नावावर राहिलेली जमीन फार आहे. एखाद्या दूरच्या वारसाचा हिस्सा बाहेरच्याने विकत घ्यायचा, न्यायालयात वाटणी मागायची आणि सगळी जमीन लिलावात काढायची, अशा रीतीने पिढ्यांची शेतं गेली. २०१० मध्ये तयार झालेला आदर्श कायदा अनेक राज्यांनी स्वीकारला आहे. त्यात लिलावाआधी मूल्यांकन होतं आणि उरलेल्या वारसांना तो हिस्सा विकत घ्यायची पहिली संधी मिळते. जमीन ज्या राज्यात आहे तिथे तो लागू आहे का, हे आधी बघा. मग वंशावळ लिहून काढा, कर भरल्याच्या पावत्या कुणाकडे आहेत ते शोधा, आणि वारस सापडतील तसे त्यांच्या सह्या घेऊन जमीन कंपनी किंवा ट्रस्टच्या नावावर आणा. वकिलाची फी या कामी लागते. गटाच्या पहिल्या वर्षाच्या अंदाजपत्रकात ती स्वतंत्र ओळीवर दाखवा.