हिब्रू-अरबी देवनामांचा ऑनलाईन कोर्स: पूर्वार्ध झकास, उत्तरार्ध घाईत

कोर्सचं नाव मुद्दाम देत नाही, तक्रारपण करायचीय म्हणून. रेकॉर्डेड लेक्चर्स आहेत, हिब्रू आणि अरबीत देवाची नावं आली कुठून यावर.

'एल'चा भाग पैसा वसूल. सीरियातल्या रास शामराला १९२९ पासून युगारिट या प्राचीन शहराच्या मातीच्या पाट्या सापडत गेल्या, त्यात एल म्हणजे सगळ्या देवांचा म्हातारा मुख्य देव, आणि बायबलमधले एल, एलोहिम त्याच गोतावळ्यातले. एलोहिम रूपाने अनेकवचनी, पण बायबलच्या 'उत्पत्ती' या पहिल्या पुस्तकाच्या पहिल्याच ओळीत क्रियापद एकवचनी, म्हणजे आपलं 'साहेब आले' टाइप आदरार्थी प्रकरण नाही हे, आपल्यात क्रियापदपण अनेकवचनी होतं ना. कोकणातले बेने इस्रायली ज्यू मलिद्याच्या विधीला ज्याचं नाव घेतात त्या एलियाहू संदेष्ट्याच्या नावात एल आणि याहू (यह्वहचं छोटं रूप) दोन्ही बसलेत, हे मात्र सरांनी सांगितलंच नाही, सांगायला हवं होतं.

यह्वह, म्हणजे हिब्रू बायबलमधलं देवाचं चार अक्षरी नाव, त्यावर तर फोटो झूम करून शिकवलंय. लूव्रमधला मेशाचा शिलालेख, इ.स.पू. नववं शतक, इस्राएलच्या शेजारच्या मवाबचा हा राजा फुशारकी मारतोय की यह्वहच्या वस्तू उचलून आमच्या कमोश देवापुढे आणल्या, म्हणजे नाव टिकलं ते शत्रूच्या दगडावरसुद्धा! मग मृत समुद्राजवळच्या कुमरानची, बायबलमधल्या हबक्कूकच्या पुस्तकावरच्या भाष्याची गुंडाळी, सगळा मजकूर चौकोनी हिब्रू लिपीत आणि यह्वहची चार अक्षरं तेवढी जुन्या लिपीत, लगेच डोळ्यात भरतात. पुढे ज्यू लोक हे नाव उच्चारायचं नाही म्हणून वाचताना 'अदोनाय' (प्रभू) म्हणायचे, त्याच्या स्वरखुणा या अक्षरांना लावल्या, आणि युरोपातल्या लोकांनी दोन्ही एकत्र वाचून 'यहोवा' केलं.

अरबी भाग गुंडाळलाय राव. अल्-इलाह ('तो देव') आक्रसून अल्लाह झालं हे बऱ्याच अभ्यासकांचं मत, काहीजण अरामी 'अलाहा'कडे बोट दाखवतात, हे दोन वाक्यांत उरकलं. अरब ख्रिश्चनही अल्लाहच म्हणतात, दहाव्या शतकात सादिया गाओन या ज्यू पंडिताने तोराहच्या (ज्यूंच्या धर्मग्रंथाच्या) अरबी भाषांतरात तोच शब्द वापरला, पैगंबरांच्या वडिलांचं नाव अब्दुल्लाह होतं, एवढा मालमसाला असून एक शिलालेख दाखवू नये? अल्लाह हा मुळात चंद्रदेव होता असं सांगणारं ते व्हॉट्सॲप फॉरवर्ड मात्र पुरावा नाही म्हणून सरळ उडवून लावलं, तेवढं बरं केलं.

आवाज मधेच बारीक होतो, हेडफोन लावूनच ऐका. अरबीसाठीच घेणार असाल तर नका घेऊ. चार स्टार देणार होतो, साडेतीन देतो.