कोकणातल्या घरात ऑक्सिजन: मशीन, सिलिंडर की बॅटरीवरचं छोटं यंत्र?

आई-वडील गावच्या घरात, मुलं मुंबई-पुण्यात, आणि छातीच्या डॉक्टरांनी सांगितलंय की घरी ऑक्सिजन सुरू करा. अशा वेळी पहिला फोन दुकानात जातो आणि विचारलं जातं, कुठल्या कंपनीचं मशीन चांगलं? दुकानदाराला फोन लावण्याआधी गावी फोन करून दोन गोष्टी विचाराव्यात असं मला वाटतं. पावसाळ्यात लाईट गेली की साधारण कधी येते? आणि रिकामा सिलिंडर भरून आणायला गाडीने किती वेळ लागतो? कोकणात निर्णय या दोन उत्तरांवर ठरतो, कंपनीच्या नावावर नंतर.

त्याआधी डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्या: मिनिटाला किती लिटर, दिवसाचे किती तास, बोटावरच्या ऑक्सिमीटरवर किती आकडा राखायचा. श्वासनलिका अरुंद करणारा फुफ्फुसांचा जुनाट आजार म्हणजे सीओपीडी असेल तर बहुधा ८८ ते ९२ सांगतात. त्याहून जास्त ऑक्सिजन दिला तर अशा पेशंटच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साचू शकतो. म्हणून 'जरा वाढवून ठेवूया' हा घरगुती उपाय करू नका. स्वस्थ बसलेलं असतानाही आकडा ८८ किंवा त्याखाली राहतो, अशांना दिवसाचे किमान १५ तास ऑक्सिजन दिल्याने आयुष्य वाढतं, हे १९८० आणि १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिका आणि ब्रिटनमधल्या चाचण्यांनी दाखवलं. आकडा थोडासाच कमी असणाऱ्यांना मात्र तसा फायदा दिसला नाही, हे २०१६ च्या अमेरिकन चाचणीत आढळलं. चढ चढताना धाप लागते एवढ्यावरून कुणी मशीन घेत असेल, तर त्याला मी आधी तपासणी करून घ्या असंच सांगेन.

आता या १५ तासांचा हिशोब मांडू. मिनिटाला २ लिटर म्हणजे दिवसाला १,८०० लिटर. छोटा 'बी' सिलिंडर, वजनाने पंधरा किलोच्या आसपास, त्यात मावतात साधारण १,५०० लिटर. एक दिवसही निघत नाही. मोठा 'डी' सिलिंडर ७,००० लिटरचा, तो चार दिवसांच्या आत संपतो, आणि भरलेला असताना साठ-सत्तर किलोंचा असतो. जांभ्याच्या पायऱ्या चढून तो माजघरापर्यंत न्यायला दोन धडधाकट माणसं हवीत, आणि वाडीत उरलेली माणसं सत्तरीची. महिन्याला आठ फेऱ्या कोण करणार? त्यात परशुराम घाटात नाहीतर आंबा घाटात दरड आली की पुरवठा अडला. रोजच्या ऑक्सिजनसाठी फक्त सिलिंडरवर विसंबणं किनाऱ्यावरच्या खेड्यात जमणारं नाही.

म्हणून रोजच्या वापराला कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे सगळे ज्याला ऑक्सिजन मशीन म्हणतात ते. ते खोलीतली हवा आत ओढतं, कॉम्प्रेसरने दाबून झिओलाइट नावाच्या खनिजाच्या दाण्यांमधून सोडतं. दाणे नायट्रोजन धरून ठेवतात आणि ९० ते ९६ टक्के ऑक्सिजन नळीतून बाहेर येतो. भरून आणायचं काहीच नाही. मात्र विजेशिवाय ते एक मिनिटही चालत नाही. ५ लिटरचं, म्हणजे मिनिटाला ५ लिटरपर्यंत देणारं, मशीन साधारण ३५० वॅट घेतं. दिवसाला १६ तास धरले तर साडेपाच युनिटच्या वर, महिन्याला १७० युनिटच्या घरात. बिल किती वाढेल ते आधीच मोजून ठेवा, म्हणजे पहिलं बिल बघून म्हातारी माणसं काटकसरीने मशीन बंद ठेवणार नाहीत. हे खरंच घडतं, आणि ते फार वाईट आहे.

मशीन निवडताना एकच आकडा ठासून विचारा: पूर्ण ५ लिटरवर शुद्धता किती? उत्तर ९० टक्क्यांच्या वर हवं. २०२१ च्या करोनाच्या दुसऱ्या लाटेत '१ ते ७ लिटर' असं लिहिलेली स्वस्त यंत्रं खूप आली. त्यातली बरीच १ लिटरला ९० टक्के देत आणि वर नेलं की ३०-४० टक्क्यांवर घसरत. त्या वेळची मशिनं अजून गावोगावी कपाटात पडून आहेत, कुणी प्रेमाने देऊ करेल. घ्यायला हरकत नाही, पण आधी ऑक्सिजन अ‍ॅनलायझर लावून तपासून घ्या. झिओलाइटला ओलावा सोसत नाही. आपल्याकडच्या दमट हवेत न चालवता ठेवलेलं मशीन आतून निकामी झालेलं असू शकतं, बाहेरून दिवे लागतात, हवा येते, आणि पेशंटला मात्र साधी हवाच मिळत राहते. शुद्धता ८२ टक्क्यांखाली गेली की इशारा देणारं मशीनच घ्या.

त्याची घरातली जागाही महत्त्वाची. चुलखणापासून लांब, भिंतीपासून वीतभर सुटं, पडवीतल्या खाऱ्या वाऱ्यात आणि पावसाच्या झोतात नको. मागचा फिल्टर आठवड्याला धुवायचा, कारण किनाऱ्यावर मीठ, लाल धूळ आणि चुलीचा धूर तिन्ही असतात. ऑक्सिजन ओलसर करायला मशीनला लावतात त्या बाटलीत डिस्टिल्ड पाणी, नाहीच मिळालं तर उकळून गार केलेलं, रोज बदलायचं. चूल, समई, उदबत्ती आणि विडी नळीपासून दहा फूट तरी दूर. नाक कोरडं पडतं म्हणून व्हॅसलिन किंवा खोबरेल लावू नका, आणि सिलिंडरच्या रेग्युलेटरला तेलाचा हात तर कधीच लावू नका, दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये तेल पेट घेतं. नदीकाठी घर असेल तर मशीन वरच्या मजल्यावर ठेवण्याची सोय बघा. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात किती चढलं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको.

लाईट गेल्यावर काय, हा खरा पेच. घरात इन्व्हर्टर असतोच, पण १५० अँपिअर-तासाची बॅटरी असं मशीन तीन तासांच्या आसपास ओढते, तेही बॅटरी नवी असेल आणि पंखे-दिवे बंद ठेवले तर. इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचा हवा, साध्या स्क्वेअर वेव्हवर कॉम्प्रेसर तापतो. व्होल्टेज सारखं खालीवर होत असेल तर स्टॅबिलायझर लावा. रात्री डीपी जळला आणि वायरमन सकाळी येणार असेल, तर तीन तास पुरत नाहीत. आणि ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडच्या कित्येक गावांत वीज यायला आठवडे लागले. तेवढ्या काळाला कुठलीच बॅटरी पुरी पडत नाही.

म्हणून माझा कौल असा: रोजला ५ लिटरचं मशीन, तीन तासांना इन्व्हर्टर, आणि रात्र काढायला सिलिंडर. 'बी' सिलिंडर २ लिटरच्या वेगाने बारा तास चालतो. लाईट एरवी बरी असेल तर एक 'बी' पुरे. आगोटीला भात-मीठ-लाकडं भरतो तेव्हाच एक 'डी'ही भरून घ्यावा आणि भिंतीला साखळीने बांधून ठेवावा. वादळाचा इशारा आला की पेशंटला वाडीतून हलवून तालुक्याच्या रुग्णालयाजवळच्या नातेवाइकांकडे न्यावं, वारा सुटायच्या आधी. १०८ ची गाडी पडलेल्या झाडांतून येऊ शकत नाही.

बॅटरीवरचं पोर्टेबल मशीन बघून मुलांचा जीव त्यावर जडतो. दोन-अडीच किलोचं, खांद्याला अडकवायचं, मोबाइलवर अ‍ॅप. किंमत मात्र घरच्या मशीनच्या दोन-तीन पट तरी. यातली बहुतेक यंत्रं फक्त श्वास आत घेतानाच झोत सोडतात. त्यावरचं '२' म्हणजे मिनिटाला २ लिटर नव्हे. झोपेत तोंडाने किंवा उथळ श्वास घेणाऱ्याचा श्वास यंत्राला कळतोच असं नाही, म्हणून डॉक्टरांनी तपासल्याशिवाय रात्री ते लावू नये. कोकण रेल्वेने मुंबईला तपासणीला यायचंय, देवळात जायचंय, लग्नाला जायचंय, यासाठी ते उत्तम. माणूस खाटेला जखडून राहत नाही, याचं मोल मी कमी लेखत नाही. पण घरातलं एकमेव यंत्र म्हणून ते नको. जमलं तर प्रवासापुरतं भाड्याने घ्या, जादा बॅटरीसकट. औषधाच्या दुकानात मिळणारा ऑक्सिजनचा स्प्रे कॅन मात्र घेऊच नका. १० लिटरचा कॅन २ लिटरच्या हिशोबाने पाच मिनिटं.

सीपॅप किंवा बायपॅप सुचवलं असेल तर ती वेगळी यंत्रं आहेत. ती दाबाने हवा देतात, ऑक्सिजन तयार करत नाहीत, आणि वीज फार कमी घेतात.

लांब राहणारी मुलं मशीनसोबत कॅमेराही बसवतात. इथे डीव्हीआर (चित्रण साठवणारा डबा) आणि वायरचे चार कॅमेरे, की सिमकार्डावर चालणारा एक कॅमेरा, असा प्रश्न येतो. कोकणातल्या सुट्या घराला मी दुसरा सुचवेन. लांब तांब्याच्या वायरीतून विजेचा लोळ थेट डीव्हीआरपर्यंत येतो, खाऱ्या हवेत जोड गंजतात, आणि वानरांनी एकदा वायर ओढली की सगळंच बंद. सिमवाला कॅमेरा छोट्या सोलर पॅनेलवर चालतो आणि आतल्या कार्डावर चित्रण ठेवतो, फक्त त्या कोपऱ्यात कुठल्या कंपनीची रेंज येते ते आधी बघा. वायफाय कॅमेरा आधीच असेल तर राउटरला छोटा यूपीएस लावा, नाहीतर लाईट गेली त्याच क्षणी, नेमकी गरज असताना, तो आंधळा होतो.

कॅमेरा खाटेवर रोखू नका. आजारी माणसाला चोवीस तास कुणी बघतंय हे सोसत नाही, आणि त्याला न विचारता लावणं तर अजिबात योग्य नाही. तो मशीनवर रोखा: ऑक्सिजनचा वेग दाखवणाऱ्या फ्लोमीटरमधली गोळी आणि इशाऱ्याचा दिवा दिसेल असा, माइक चालू ठेवून. मशीनचा भोंगा वाजला की मुंबईत कळेल. पडणं, घाबरं होणं यासाठी गळ्यात अडकवायचं सिमवालं बटण कॅमेऱ्यापेक्षा जास्त कामाचं. दाबलं की ठरवलेल्या नंबरांवर फोन जातो. त्यातला पहिला नंबर मुलाचा ठेवू नका, शेजारच्या घरातल्या माणसाचा ठेवा. त्या माणसाला सिलिंडरची चावी कुठे टांगलीय, ती कुठल्या बाजूला फिरवायची आणि गोळी किती आकड्यावर आणायची, हे पावसाच्या आधी एकदा हाताने करायला लावा. लाईट बराच वेळ गेली की टॉवरही बंद पडतो, मग बटण आणि कॅमेरा दोन्ही मुके, आणि घरापर्यंत पोचणारा तोच एक असतो.