फ्लॅशची छत्री, स्टँड आणि ब्रॅकेट : पावसाळा ते लग्नसराई वापरून झाल्यावर

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर मी कॅमेऱ्यावरचा फ्लॅश उतरवून स्टँडवर नेला आणि त्याचा उजेड पसरवून मऊ करणारी छत्री लावली. आता लग्नसराईही उलटून गेली. बारसं, डोहाळजेवण, मुंज, साखरपुडा अशी घरगुती कामं मी करतो. बहुतेक पुण्यातल्या फ्लॅटांत, काही मंगल कार्यालयांत, थोडी टेकडीवर नाहीतर खडकवासल्याच्या बाजूला. सामान सगळं स्कूटरवर. एवढ्या वापरानंतर माझं मत पक्कं झालंय : छत्री स्वस्तातली चालते, स्टँड मध्यम चालतो, पण या दोघांना फ्लॅशशी जोडणारा मुठीएवढा ब्रॅकेट चांगलाच हवा. दुकानात सगळ्यात कमी वेळ त्यालाच मिळतो, म्हणून इथे सुरुवात त्याच्यापासून.

ब्रॅकेटने स्टँडच्या टोकावर घट्ट बसायचं, छत्रीचा दांडा धरायचा, फ्लॅश पेलायचा आणि दिलेला कोन सोडायचा नाही. शेवटचं काम सगळ्यात अवघड. ऑनलाइन मिळणारे बिननावाचे प्लॅस्टिकचे ब्रॅकेट नुसत्या घर्षणावर कोन धरतात. गच्चीवरच्या एका हळदीत माझ्या अशाच ब्रॅकेटने हळूहळू मान टाकली. चेहऱ्यांवरचा उजेड पोटावर सरकला आणि फोटो मोठे करून पाहीपर्यंत ते कळलंही नाही. सांध्याच्या आत दाते असलेला किंवा लांब दांडीने आवळता येणारा धातूचा ब्रॅकेट असं करत नाही. मॅनफ्रोटो कंपनीचा ०२६ हा या प्रकारातला जुना, भरवशाचा. त्याला फ्लॅशचा पाय सरकवून बसवायचा खाचेसारखा तुकडा, म्हणजे कोल्ड शू, मात्र वेगळा घ्यावा लागतो.

मी रोज वापरतो तो गोडॉक्स कंपनीचा एस-२ ब्रॅकेट. तो फ्लॅशचं डोकंच चारी बाजूंनी धरतो, त्यामुळे खालच्या नाजूक पायावर भार येत नाही. साध्या कोल्ड शूमध्ये सगळं वजन त्या पायावर असतं आणि स्टँड पडला की पहिल्यांदा मोडतो तोच. शिवाय एस-२ला पुढे बोवेन्स माउंट, म्हणजे इतर साधनं अडकवायची प्रचलित कडी आहे, त्यामुळे पुढेमागे सॉफ्टबॉक्स (उजेड मऊ करणारी कापडी पेटी) घेतला तरी ब्रॅकेट तोच राहतो. आकाराने तो मोठा आहे, बॅगेत जागा खातो. मला ते चालतं. कोल्ड शू धातूचा असेल तर त्याच्या तळाला इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवा. फ्लॅशच्या पायाखालचे संपर्कबिंदू धातूला टेकले की शॉर्ट होऊन फ्लॅश आपोआप उडू शकतो.

आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही. बऱ्याच ब्रॅकेटांत छत्रीचं भोक किंचित तिरकं असतं. फ्लॅशचं तोंड भोकाच्या वर असतं, म्हणून दांडा थोडा वर उचलला जाऊन छत्रीचा मध्य झोतासमोर यावा, यासाठी तो तिरकेपणा. दांडा उलट्या बाजूने घातला की छत्री खाली झुकते आणि अर्धा उजेड तिच्यावरून निघून जातो. दांडे बहुतेक ८ मिलिमीटरचे असतात, एलिंक्रोम कंपनीचे ७. भोकात दांडा खुळखुळतोय का, हे हाताने हलवून बघावं.

आता छत्री. पुण्यातल्या फ्लॅटच्या हॉलमध्ये पांढरी शूट-थ्रू (जिच्या कापडातून उजेड आरपार जातो) आणि काळ्या पाठीची रिफ्लेक्टिव्ह (जिच्या आतून उजेड परततो) यांत फरक किती पडतो, हे वापरल्याशिवाय उमगत नाही. शूट-थ्रूमधून उजेड पुढे जातो तसा बराचसा मागेही परततो. तो भिंती-छतावर आपटून खोलीभर होतो. भिंती पांढऱ्या असतील तर सावल्या छान मऊ होतात. पण आपल्याकडे हॉलची एक भिंत हमखास पीच, हिरवी नाहीतर जांभळी असते, आणि तो रंग बाळाच्या गालावर उतरतो. तिथे काळी पाठ लागतेच, कारण उजेड फक्त आपण सांगू तिकडेच जातो. उलट, पाळण्याच्या अगदी जवळ उजेड हवा असेल तर शूट-थ्रूच बरी. तिचा दांडा आणि स्टँड मागे राहतात, म्हणून छत्री बाळाच्या हातभर अंतरावर नेता येते. रिफ्लेक्टिव्हमध्ये दांडा पुढे येतो आणि मध्ये लुडबुडतो. म्हणून मी काळं कापड काढता येणारी कन्व्हर्टिबल छत्री घेतली. ४३ इंची. हे माप छत्रीच्या बाकदार कापडावरून मोजतात, उघडल्यावरचा व्यास त्याहून कमी भरतो.

रुपेरी अस्तराची छत्री मी खास पैठणीसाठी बाळगतो. जर, नथ, ठुशी तिच्यात जशी उजळते तशी पांढऱ्यात नाही. पण एप्रिल-मेच्या लग्नात घामेजलेल्या कपाळावर तीच रुपेरी छत्री चकाकी आणते, तेव्हा निमूटपणे पांढरी लावायची. आजी-आजोबांचे चष्मे ही वेगळीच गोष्ट. काचेत छत्री दिसली की ती वर उचला आणि बाजूला न्या, प्रतिबिंब निघून जातं. छत्री जितकी मोठी तितकं हे कठीण, म्हणून घरगुती फोटोंत ६० इंचीचा हट्ट नको.

६० इंची लागते ती कार्यालयातल्या गटफोटोला, आणि तिथेही अंतर जास्त महत्त्वाचं. तीन मीटर लांब रांगेच्या एका टोकापासून दीड मीटरवर, रांगेच्याच रेषेत छत्री ठेवली, तर दुसऱ्या टोकाचं अंतर तिप्पट होतं आणि तिथे उजेड नवव्या हिश्श्यावर येतो. मामा झगमगीत, काका अंधारात. छत्री मागे, वर आणि जमेल तितकी मधोमध न्या. जागा नसेल तर दोन बाजूंना दोन लावा. झोत रुंद-अरुंद करणारा फ्लॅशचा झूमही तपासा. १०५ मिलिमीटरवर राहिला तर झोत अरुंद होऊन छत्रीच्या मध्यावर नुसता ठिपका पडतो. २४ ते ३५च्या आसपास आणला की कापड पूर्ण भरतं.

स्टँडबद्दल थोडक्यात. पाय वरच्या दिशेने उलटे मिटणारे १९० सेंटिमीटरचे स्टँड मिटून जेमतेम अर्धा मीटर होतात, स्कूटरच्या डिकीत नाही पण पाठीवरच्या बॅगेत जातात. बसलेल्या माणसांना पुरतात. फेटा बांधलेल्या उभ्या नवरदेवाला पुरत नाहीत. तिथे अडीच मीटरच्या पुढचाच हवा. वरची नळी जितकी बारीक, तितकी छत्रीच्या वजनाने डोलते. टोकाचा खुंटा १६ मिलिमीटरचा आणि मधे खाच असलेला घ्या. ब्रॅकेटचा स्क्रू खाचेत बसला की थोडा सैल झाला तरी सगळं वरून निसटत नाही. लहान मुलं धावतात त्या घरात स्टँडच्या पायावर वाळूची पिशवी ठेवल्याशिवाय मी फ्लॅश सुरूच करत नाही.

बाहेर मात्र छत्रीशी भांडू नये. वेताळ टेकडीवर किंवा धरणाच्या काठाला संध्याकाळी वारा सुटला की पिशवी ठेवूनही स्टँड लवंडतो, काड्या उलट्या होतात. सोबत कुणी असेल तर त्याने मिटलेला स्टँड हातात धरून छत्री पेलावी. कुणी नसेल तर मी छत्री काढून उघडा फ्लॅश दुरून मारतो. शनिवारवाड्यासारख्या पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित वास्तूत स्टँड लावायला परवानगी लागते, ती आधी काढा. पाहुण्यांना घेऊन दारातून परत फिरणं वाईट.

पावसाळ्यात माझ्या स्वस्त छत्रीच्या काड्यांच्या सांध्यांना गंज धरला आणि पांढऱ्या कापडावर तांबूस ठिपके उमटले. कापड पिवळं पडलं की त्वचेचा रंगही पिवळसर येतो, म्हणून ती बदलली. काही शे रुपयांची वस्तू, त्याचं दुःख नाही. आता काम संपलं की छत्री पंख्याखाली उघडी ठेवतो, वाळली की मगच म्यानात.

विकत घेताना आपला फ्लॅश आणि छत्री सोबत घेऊन जा. दुकानात स्टँड पूर्ण उंचीला उघडा, ब्रॅकेट चढवा, छत्री लावून ४५ अंशांत झुकवा आणि दहा मिनिटं दुकानदाराशी गप्पा मारा. तेवढ्या वेळात कोन सरकला तर तो ब्रॅकेट परत द्या. आणि वरच्या नळीचं लॉक सैल करून बघा : ती सावकाश खाली आली पाहिजे, धाडकन नाही.