डिकीचं कुलूप: चपट्या किल्लीचं की गोल किल्लीचं?

कोल्हापूरच्या उद्यमनगरात टेम्पोला बाजूचा कप्पा करून घेतला की बहुतेकदा चपट्या किल्लीचं कॅम लॉक (किल्ली फिरवली की मागची पट्टी फिरून दार अडकवणारं कुलूप) बसवून मिळतं. स्वस्त आणि कुठंही मिळणारं. पण आत चार-पाच पातळ पत्र्या, आणि किल्ल्यांचे नमुने मोजकेच. अमेरिकेत तर कॅम्पर (आत राहायची सोय असलेल्या) गाड्यांच्या कप्प्यांना सर्रास ‘सीएच ७५१’ ही एकच किल्ली लागते; शेजाऱ्याच्या किल्लीनं आपला कप्पा उघडतो! म्हणून दुकानातच दोन नग मागा, किल्ल्या अदलाबदल करून फिरवून बघा. फिरली, तर ते कुलूप नकोच.

गोल किल्लीच्या कुलपात साधारण ७ पिना असतात. महाग पडतं, पण कुलपासाठी दाराला लागणारं भोक बऱ्याचदा तेच, १९ मिमीचं, त्यामुळं बदलणं सोपं. मात्र अगदी हलक्या प्रतीचं घेऊ नका. २००४ साली अमेरिकेत अशी सायकलची कुलपं बॉलपेनच्या नळीनं उघडली होती.

स्टेपनी-जॅकपुरतं चपटं चालेल. बिंदू चौकात गाडी लावून अंबाबाईच्या रांगेत तासभर थांबणार आणि बॅगा आत असतील, तर माझं मत गोल किल्लीलाच. आणि कुठलंही घ्या, मागची पट्टी जाड बघा. पातळ पट्टी स्क्रू ड्रायव्हरनं वाकते, मग उघडायला किल्लीची गरजच उरत नाही.