अंगठ्याचं हाड बाहेर आलंय: अथणीची चप्पल, स्पोर्ट्स शूज की मागे पट्टा असलेली सँडल?

पायाच्या अंगठ्याच्या बुडाशी गोळा दिसू लागतो, अंगठा शेजारच्या बोटावर रेलतो आणि घरात वाद सुरू होतो. मुलगी म्हणते, "आई, ती पायताणं आता सोड, चांगले शूज घे." आई म्हणते, "जन्मभर अथणीची चप्पल घातली, आता बुटात पाय कोंडून घेऊ होय?" बेळगाव, निपाणी, चिकोडीकडच्या कितीतरी घरांत हे चालतं. दोघींच्याही म्हणण्यात तथ्य आहे, म्हणून पैसे खर्च करण्याआधी तिन्ही पर्याय शेजारी शेजारी ठेवून पाहू.

याला बनिअन म्हणतात. डॉक्टरांच्या कागदावर हॅलक्स व्हॅल्गस असं लिहिलेलं असतं. तिथे नवीन हाड उगवलेलं नसतं. पंजातलं पहिलं लांब हाड दुसऱ्या पायाच्या दिशेने सरकतं, अंगठा उलट बाजूला वळतो आणि मधला सांधा टोकासारखा बाहेर येतो. एक्स-रेमध्ये अंगठा आणि ते लांब हाड यांच्यातला कोन १५ अंशांच्या पुढे गेला की बनिअन समजतात, ४० च्या पुढे गेला की तीव्र. पायाची ठेवण बऱ्याचदा घराण्यातून येते, त्यामुळे आजीच्या पायाकडे एकदा बघून घ्या. सपाट तळवा, सैल सांधे आणि आमवात यांचाही हात असतो.

मग पादत्राणांचा दोष किती? हाँगकाँगमधली एक पाहणी १९५८ साली प्रसिद्ध झाली. बूट वापरणाऱ्यांपैकी ३३ टक्के लोकांचा अंगठा वळलेला होता, अनवाणी राहणाऱ्यांत फक्त १.९ टक्के. ठेवण जन्माची असली तरी बुटाने ती बिघडू शकते, असं यातून दिसतं.

आता अथणीची चप्पल. कोल्हापुरी म्हणून विकला जाणारा बराच माल आपल्याच अथणी, मदभावी, निपाणी भागात शिवला जातो. २०१९ साली मिळालेल्या जीआय नोंदणीत (माल कुठल्या भागाचा हे ठरवणारी सरकारी नोंद) महाराष्ट्राच्या चार जिल्ह्यांबरोबर बेळगाव, धारवाड, विजापूर आणि बागलकोटही आहेत. बनिअनच्या दृष्टीने तिचा मोठा गुण म्हणजे पुढून ती उघडी असते. बोटांना चेपणारी भिंत नाही, टाच सपाट, आणि तेल लावत वापरलं की कातडं पायाच्या आकाराप्रमाणे सैल होतं. आईचं म्हणणं इथपर्यंत शंभर टक्के खरं.

अडचण तीन ठिकाणी येते. पहिली पट्ट्याची कड. चप्पल घालून चार पावलं टाका आणि खाली वाकून बघा: कड नेमकी गोळ्यावर बसत असेल तर तिथली कातडी लाल होते, मग घट्टा पडतो, कधी फोड येतो. दुसरी अडचण अंगठ्याच्या कडीची. अंगठा कडीत अडकवला की सरळ राहतो असं पुष्कळजण सांगतात, पण वळलेला अंगठा कडीने जागेवर येत नाही. कडी अरुंद असेल तर उलट ओढ बसते. तिसरी अडचण तळाची. कोऱ्या जोडीचा तळ कडक, मागे पट्टा नाही, त्यामुळे चप्पल पायात राहावी म्हणून बोटं सतत आवळली जातात. दिवसभर उभं राहून विडी कारखान्यात, शाळेत किंवा दुकानात काम करणाऱ्या बाईला संध्याकाळी पंजा दुखतो त्याचं हेही एक कारण.

तरीही कोल्हापुरी सोडवत नसेल तर तयार जोडी न घेता मापाने शिवून घ्या. कारागिराला गोळा प्रत्यक्ष दाखवा, पट्टा त्याच्या मागून न्यायला सांगा आणि कडी सैल ठेवायला सांगा. हे काम आपल्याकडे होऊ शकतं, आणि ही सोय मोठ्या शहरातल्या चकचकीत दुकानात मिळत नाही.

स्पोर्ट्स शूज दुखणाऱ्या पंजासाठी जास्त दिलासा देतात, पण बोटांकडची बाजू रुंद असेल तरच. लांबी वाढवून रुंदी मिळवायची सवय सोडा. एक नंबर मोठा बूट घेतला की पाय आत पुढे घसरतो आणि बोटं पुन्हा टोकात अडकतात. काही कंपन्या वाइड, टू-ई, फोर-ई अशा रुंदी देतात. बायकांच्या मापात ती मिळाली नाही तर त्याच लांबीचा पुरुषांचा बूट पाहायला लाजू नका, तो सहसा रुंद असतो. वरचं कापड जाळीचं असावं आणि गोळ्यावर शिवण किंवा प्लास्टिकची पट्टी येऊ नये. लेस ओवताना गोळ्याजवळचं भोक सोडून द्या, दाब लगेच कमी होतो. खानापूरच्या पावसात मात्र हे शूज ओले झाले की लवकर वाळत नाहीत, आणि ओल्या मोज्यात कातडी सोलते.

म्हणून रोजच्या वापरासाठी माझा कौल तिसऱ्या पर्यायाला आहे: मऊ तळ, मागे पट्टा आणि पुढे वेलक्रोने सैल-घट्ट होणारा रुंद पट्टा असलेली सँडल. मधुमेहींसाठी एमसीआर म्हणजे बारीक छिद्रांच्या मऊ रबराच्या तळाची अशी सँडल बनते. मागच्या पट्ट्यामुळे बोटांना चप्पल धरून ठेवावी लागत नाही, पाय सुजला तर पुढचा पट्टा सैल करता येतो, पावसात भिजली तरी अडत नाही. दिसायला साधी असते, लग्नात घालवणार नाही, हे मान्य. लग्नापुरती दोन तास कोल्हापुरी घालावी. निमुळत्या टोकाची उंच टाचेची सँडल मात्र नको. टाच जितकी उंच तितकं वजन पंजावर येतं. पातळ रबरी स्लिपर न्हाणीघरापुरती ठीक.

बेळगावच्या खडेबाजारात खरेदीला जाल तर संध्याकाळी जा, कारण दिवसभरात पाय फुगतो. घरीच कागदावर उभं राहून दोन्ही पायांची बाह्यरेषा काढा, कापून घ्या आणि तो कागद दुकानात बुटाच्या तळाला लावा. कागद कडेबाहेर आला तर तो बूट परत ठेवा, दुकानदार "वापरल्यावर सैल होईल" म्हणाला तरी. स्टुलावर बसून एका पायात घालून बघू नका. दोन्ही पायांत घालून उभं राहा, चाला.

बोटांमध्ये घालायचे सिलिकॉनचे तुकडे आणि रात्री बांधायचे पट्टे ठणका कमी करतात, अंगठा कायमचा सरळ करत नाहीत. शस्त्रक्रियेत हाड कापून जागेवर बसवतात. हाड जुळायला साधारण दीड महिना लागतो, सूज काही महिने राहते. योग्य पादत्राणं वापरूनही चालणं अवघड होत असेल तर अस्थिरोगतज्ज्ञांशी बोला, नुसत्या दिसण्यासाठी शस्त्रक्रिया करू नका. गोळा एका रात्रीत लालबुंद, गरम आणि हात लावू न देणारा झाला तर तो गाउट, म्हणजे युरिक अ‍ॅसिड साठून सांध्याला येणारी सूज, असू शकतो. तिथे चप्पल बदलून भागत नाही, डॉक्टर लागतात. मधुमेहामुळे पायाची जाणीव कमी झाली असेल तर कडीची चप्पल बंदच करा. कडीने पडलेली जखम अशा पायाला कळत नाही, त्यामुळे रोज रात्री घरातल्या कोणीतरी उजेडात पाय तपासून बघायचे.