खाडीपुलावरच्या एसएमए थरासाठी सेल्युलोज गोळ्या : माल चांगला, पण गोदाम कोरडं हवं

स्टोन मॅट्रिक्स ॲस्फाल्ट, म्हणजे एसएमए : रस्त्याच्या वरच्या थराचं गरम डांबरी मिश्रण. यात जाड खडी भरपूर, कच कमी आणि डांबर ५.८ टक्के किंवा त्याहून जास्त. एवढं डांबर फायबरशिवाय (तंतूंशिवाय) डंपरमध्येच निथळून तळाशी बसतं. सेल्युलोजच्या, म्हणजे वनस्पतिजन्य तंतूंच्या, गोळ्या ते धरून ठेवतात. मिश्रणाला ताणाची ताकद मिळेल या आशेने घेऊ नका. ते काम ॲरामिड या मजबूत कृत्रिम तंतूंचं. पॉलिप्रॉपिलीन तर १६५ अंशांच्या आसपास वितळतं, गरम प्लांटमध्ये त्याचा तंतू उरतच नाही.

आयआरसी एसपी ७९ (इंडियन रोड्स काँग्रेसची एसएमएबद्दलची नियमावली) नुसार फायबर मिश्रणाच्या वजनाच्या किमान ०.३ टक्के, आणि निथळ, म्हणजे मिश्रणातून गळणारं डांबर, ०.३ टक्क्यांच्या आत. हिशेब इथेच चुकतो. टनामागे ३ किलो फायबर लागतं. पण गोळीत एक तृतीयांश डांबर असेल तर ३ किलो गोळ्यांत फायबर २ किलोच. गोळ्या ४.५ किलो टाका आणि त्यातलं दीड किलो डांबर मुख्य डांबरातून वजा करा. पिशवीवर प्रमाण छापलेलं नसेल तर माल उतरवूनच घेऊ नका.

बॅच प्लांटमध्ये, म्हणजे घाण्याघाण्याने मिश्रण करणाऱ्या प्लांटमध्ये, गोळ्या आधी गरम खडीत कोरड्या फिरवायच्या, डांबर नंतर. फिरत्या पिंपात सलग मिश्रण करणाऱ्या ड्रम प्लांटमध्ये बर्नरच्या ज्वाळेसमोर पडल्या तर जळून राख.

कोकणात खरा शत्रू ओल. पावसाळाभर गोदामात राहिलेल्या पिशव्यांत गोळ्यांचे गठ्ठे होतात, ते पगमिलमध्ये (प्लांटच्या मिश्रण-टाकीत) फुटत नाहीत आणि रस्त्यावर डांबराचे चकचकीत डाग उमटतात. लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब रचा. उघडलेली पिशवी त्याच दिवशी संपवा.

पुलावर ४० मिमीचा थर खाडीच्या वाऱ्याने पाहता पाहता थंडावतो. रोलर पेव्हरच्या (थर पसरवणाऱ्या यंत्राच्या) पाठीलाच हवा. लोखंडी, ८ ते १० टनी, कंपन बंद. रबरी चाकांचा नको, डांबर चाकांना चिकटून वर येतं. स्लॅब ओला असेल तर त्या दिवशी काम नाही, कितीही घाई असो. खडी काळ्या दगडाचीच. जांभा पाणी पितो.

घाटातली वळणं, पूल, अवजड वाहतूक असेल तर पैसे वसूल. वाडीच्या रस्त्याला मात्र हा खर्च फुकट. त्या पैशात गटारं करा.